मका हिरवागार, मग कणसं अर्धीच का भरली?

तुम्ही विचारलंय, की गडहिंग्लज भागात ऐन तुऱ्यात पावसानं ओढ दिली, पुढं पाऊस आला, मका पुन्हा हिरवागार झाला, तरी कणसं शेंड्याकडं मोकळीच राहिली. पानं सावरतात तर दाणे का नाहीत, आणि यात जनुकांचा काही संबंध असतो का?

असतो, आणि थेट असतो. शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकलो तेव्हापासून हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

पाण्याचा ताण पडला की पानांची रंध्रं, म्हणजे हवा आत घ्यायची बारीक छिद्रं, मिटतात, पानात साखर कमी बनते आणि कणसाकडं जाणारी साखर आटते. ही साखर म्हणजे सुक्रोज, आपल्या उसातलीच. ज्याचा पुढं दाणा होतो त्या कोवळ्या अंडाशयात ती फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करायचं काम इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) करतं. गोम इथंच आहे. साखर कमी आली की इन्व्हर्टेजची जनुकंच मंदावतात आणि विकर घटलं की साखर ओढून घ्यायची अंडाशयाची ताकद आणखी घटते. साठलेला स्टार्च संपतो, मग पेशींचा ऱ्हास घडवणारी जनुकं जागी होतात. मॅकलॉफलिन आणि बॉयर या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं, की ताणातल्या मक्याच्या खोडात साखरेचं द्रावण सोडलं तर झाड तहानलेलं असूनही इन्व्हर्टेजची जनुकं काही अंशी सावरतात. मला यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: दाणा नुसत्या तहानेनं जात नाही, उपासमारीनं जातो.

आता पानांचं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी ताणातल्या मक्याचं नुकतंच परागीभवन झालेलं अंडाशय आणि पानाची वाढती ऊती, दोन्ही तपासली. अंडाशयात पेशीविभाजनाची जनुकं धडाधड खाली आली होती, पानात तेवढा फरक नव्हता. म्हणून पाऊस येताच पान वाढीला लागतं. दाणा तोवर गेलेला असतो.

गव्हात घाव परागकोशावर बसतो. पीक पोटरीत असताना, पराग घडायच्या वेळी ताण आला तर तिथंही इन्व्हर्टेज घटतं आणि परागात स्टार्च भरत नाही. आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघा: चांगले पराग काळेनिळे होतात, वांझ फिकेच राहतात. पोटरीतल्या भाताला ताण बसला तरी लोंबीत पोचट दाणे वाढतात.

तुमचं एखादं कणीस नीट सोलून बघा. मध्येमध्ये दाण्यांच्या जागा रिकाम्या असतील तर परागीभवन चुकलं, कारण ताणात पराग देणारा तुरा वेळेवर येतो आणि पराग झेलणारे कणसाचे केस मागं राहतात. शेंड्याला बारीक, वाळलेले दाणे चिकटलेले दिसले तर दाणा धरला होता आणि मग गेला. शेंड्याचे केस सगळ्यात शेवटी बाहेर पडतात, त्यामुळं आधी मार तिथंच बसतो. विहिरीत एकाच पाळीपुरतं पाणी असेल तर ते तुरा दिसू लागताच द्या, दाणे भरायच्या वेळेसाठी राखून ठेवू नका.