हातात किती पडणार?

मागच्या अंकात "परदेशी जाताना पैशांचं काय करायचं ते विचारा" असं लिहिलं आणि एवढे प्रश्न आले की बायको म्हणाली, मग रिटायर कशाला झालात. एकोणीस वर्षं मी फॉरेक्स काउंटरच्या, म्हणजे परदेशी चलन बदलून देणाऱ्या खिडकीच्या काचेमागे बसलोय, त्यामुळे जे सांगतोय ते काचेच्या आतल्या बाजूनं बघितलेलं आहे. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, रागावू नका, निम्म्या लोकांचा प्रश्न एकच होता फक्त देश वेगळा.

प्रश्न : आम्ही दोघं आणि साडू-मेहुणी असे चौघं ग्रुप टूरनं थायलंडला चाललोय. बाट इथूनच घेऊन जावेत की तिथं बदलावेत? टूरवाला म्हणतो इथूनच घ्या, मीच आणून देतो, रेट चांगला लावतो. (एक वाचक, सातारा)

काका, टूरवाला भला माणूस असेल, पण "रेट चांगला लावतो" हे वाक्य मी स्वतः काउंटरवरून इतक्या वेळा बोललोय की त्याला काय अर्थ असतो ते मला विचारा. त्याला काहीच अर्थ नसतो.

बोर्डावर दोन आकडे असतात. सेल म्हणजे दुकानदार तुम्हाला ज्या भावानं विकतो तो, बाय म्हणजे तुमच्याकडून परत घेतो तो. त्या दोघांच्या मधलं अंतर बघायचं, कारण दुकानदाराचं पोट तिथं आहे. आपल्याकडे डॉलरची उलाढाल रोजची, म्हणून त्यात हे अंतर कमी असतं. बाटसारखी चलनं कमी फिरतात, दुकानदाराला ती मागवावी लागतात, पडून राहिली तर भाव पडायची भीती, मग तो सगळा खर्च तुमच्याच माथी. समजा बाटचा मधला भाव २.६५ रुपये असेल तर काही ठिकाणी सेल २.८५ आणि बाय २.४५ असाही दिसेल. म्हणजे काउंटरवर बाट घेतले आणि विचार बदलला म्हणून तिथल्या तिथं परत दिले तरी शंभरातले चौदा रुपये गेले, काहीही न खाता न पिता.

म्हणून थायलंडसाठी माझं मत असं की इथून डॉलर घ्या, तेही शंभराच्या नोटांचे, आणि बाट तिथं करून घ्या. बँकॉकच्या एक्स्चेंजवाल्यांच्या बोर्डावर डॉलरच्याच दोन-तीन ओळी असतात, शंभराच्या नोटेला सगळ्यात चांगला भाव, पन्नासला थोडा कमी, एक-दोनच्या नोटांना आणखी कमी. नोटा कोऱ्या पाहिजेत. आपल्याकडे नोटेवर पेनानं हिशोब करायची सवय, स्टेपल मारायची सवय, तसली नोट तिथली मुलगी दोन बोटांनी उचलून बघते आणि गोड हसून परत सरकवते. तेव्हा इथं घेतानाच एकेक नोट बघून घ्या, मागच्या रांगेतले ओरडले तरी चालेल. सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ जे काउंटर दिसतात तिथं फार तर पहिल्या दिवसापुरते बदला. तळमजल्याच्या खाली, शहरात जाणारी रेल्वे सुटते त्या मजल्यावर, एक्स्चेंजची छोटी दुकानं ओळीनं आहेत, तिथला भाव वरच्यापेक्षा बराच बरा असतो. जिना उतरायचा कंटाळा करू नका. पासपोर्ट जवळ ठेवा, मागतात.

आता इथं डॉलर घेताना काय बोलायचं. "डॉलर काय भाव?" असं विचारूच नका. "मला १००० डॉलर हवेत, सगळं धरून मी एकूण किती रुपये द्यायचे?" एवढंच विचारा आणि तीन दुकानांत विचारा. कारण एक जण भाव कमी सांगतो आणि वर सर्व्हिस चार्ज लावतो, दुसरा झीरो कमिशनची पाटी लावतो आणि सगळं भावातच घुसवतो. जीएसटीची फार धास्ती घेऊ नका, तो एक लाखाच्या व्यवहारावर १८० रुपये एवढाच बसतो, त्यामुळे कोणी "साहेब टॅक्समुळे महाग झालं" म्हणाला तर पावती मागा. पन्नास हजार किंवा त्याच्या वर रक्कम गेली की रोख चालत नाही, चेक नाहीतर ट्रान्सफर. आणि एका माणसाला एका ट्रिपला नोटांच्या स्वरूपात ३००० डॉलरपर्यंतच मिळतात (काही मोजक्या देशांना आणि हज-उमराला वेगळे नियम आहेत), बाकीचं कार्डवर. तुम्हा चौघांना नोटा एवढ्या लागणारच नाहीत म्हणा.

टूरवाल्याला दुखवायचं नसेल तर टॅक्सी आणि पाण्याच्या बाटलीपुरते, माणशी हजारभर बाट घ्या त्याच्याकडून.

प्रश्न : युरोपच्या टूरमध्ये प्रागला एटीएममधून ५००० कोरुना (तिथलं चेक चलन) काढले. मशीननं रुपयांत आकडा दाखवला म्हणून बरं वाटलं, पण घरी येऊन बघितलं तर दीड-दोन हजार जास्तच गेलेले. बँकेची चूक आहे का? तक्रार करू का? (एक वाचक, पुणे)

नाही हो ताई, चूक बँकेची नाही, आणि खरं सांगायचं तर तुमचीही नाही, त्या स्क्रीनची रचनाच अशी असते. मशीन तुमचं कार्ड भारतातलं आहे हे ओळखतं आणि अदबीनं विचारतं की रुपयांत हिशोब करून देऊ का. आपल्याला वाटतं चला, आपल्या भाषेत बोलला कोणीतरी. पण तो हिशोब त्या मशीनवाल्याच्या भावानं होतो.

कोरुना समजा ४ रुपयांना आहे, म्हणजे ५००० कोरुनाचे २०,००० झाले. तुमच्या बँकेनं नेहमीचा साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी व्यवहारावर बँक लावते तो जादा आकार) आणि त्यावर जीएसटी लावला तरी ८२६ रुपये, म्हणजे २०,८२६. मशीन रुपयांत दाखवणार २२,४०० वगैरे. आणि दोन बटणं असतात, एक हिरवंगार "कन्व्हर्जन स्वीकारा", दुसरं कोपऱ्यात "नाकारा". लोकांना वाटतं नाकारा दाबलं तर पैसेच येणार नाहीत. तसं काही होत नाही, फक्त मशीनवाल्याचा भाव नाकारला जातो, पैसे येतातच, आणि हिशोब तुमची बँक करते. दुकानात कार्ड दिल्यावरही हाच प्रश्न येतो, रुपये की तिथलं चलन, दरवेळी तिथलं चलन. वर आपल्याकडच्या काही बँका परदेशात रुपयांत व्यवहार केला तरी त्यावर आणखी फी लावतात, म्हणजे दोन्हीकडून चपराक.

एटीएम निवडताना बँकेच्या शाखेला लागून असलेलं बघा. देखाव्याच्या जागी, चौकात, आइसक्रीमवाल्याच्या शेजारी नुसतं मशीन उभं असेल तर पुढं चला.

प्रागचा विषय निघालाच आहे तर, तिथं एक्स्चेंजच्या दुकानांनी इतका उच्छाद मांडला होता की सरकारनं एप्रिल २०१९ पासून कायदाच केला, १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. आपल्याकडे असं काही आलं असतं तर माझ्या जुन्या साहेबांना चक्कर आली असती. पण हे दुकानापुरतं बरं का. रस्त्यात कोणी कानाशी येऊन "चांगला भाव देतो" म्हणाला आणि हातावर रंगीत नोटा मोजल्या तर त्या चेक कोरुना असतीलच असं नाही, बेलारूसच्या जुन्या रूबलच्या नोटा खपवायचा धंदा तिथं चालत आलाय, आणि त्या नोटांना काहीही किंमत नाही. तिथं पावती कसली नि तीन तास कसले.

प्रश्न : मुक्तिनाथ यात्रेला जातोय. नेपाळमध्ये आपले रुपये चालतात म्हणे, मग बदलायची गरज आहे का? (एक वाचक, नांदेड)

फार नाही. १९९३ पासून भाव ठरलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. तो रोज हलत नाही म्हणून भावात घासाघीस करण्यात अर्थ नाही. तिथं लोक आपल्या रुपयाला "आयसी" म्हणतात आणि त्यांच्या रुपयाला "एनसी", आणि हे दोन शब्द पाठ करून जा. जीपवाला १६०० म्हणाला तर आधी विचारा आयसी का एनसी, एनसी असेल तर आपले हजारच द्यायचेत. घाईत लोक तसेच १६०० देऊन मोकळे होतात, आणि तोही बिचारा परत देत नाही.

नोटा मात्र शंभरच्या आणि त्याखालच्या न्या, त्या कितीही नेता येतात. शंभरावरच्या नोटा आपल्या नियमानं २५,००० पर्यंत नेता येतात, पण नेपाळनं डिसेंबर २०१८ मध्ये त्या बंद केल्या होत्या, तेव्हापासून पाचशेची नोट पुढं केली की कटकट ठरलेली. डोंगरात गेल्यावर शंभरच्या नोटेचं मोल कळतं.

प्रश्न : उरलेले डॉलर घरात ठेवले तर चालतं का? (एक वाचक, कल्याण)

२००० डॉलरपर्यंत चालतं. त्यावरचे परत आल्यापासून १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्यायचे. नाणी कितीही ठेवा, कारण ती इथं कोणी घेतच नाही, तिकडच्याच विमानतळावर चहा पिऊन संपवा.

प्रश्न : मुलगा म्हणतो आई, कॅश कशाला, सगळं कार्ड आणि यूपीआयवर भागतं. मी व्हिएतनामला मैत्रिणींबरोबर चाललेय. (एक वाचक, ठाणे)

मुलाचं अर्धं बरोबर आहे. यूपीआय परदेशात पोचलंय, भूतान, सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस, पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटालाही चालतं, पण पोचलंय म्हणजे गल्लीतल्या भाजीवालीपर्यंत पोचलंय असं नाही. कार्डाचं म्हणाल तर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं, परदेशासाठी तुम्हाला स्वतः बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावं लागतं. ते इथूनच करा, विमानात बसायच्या आधी, कारण तिथं सिम बंद आणि ओटीपी येत नाही अशा अवस्थेत ते करायला बसलात तर सुट्टीचा पहिला दिवस गेला. दोन कार्डं न्या, दोन वेगळ्या पिशव्यांत.

आणि कॅश लागतेच. आता माझीच फजिती ऐका. हनोईत मी, फॉरेक्सवाला, आयुष्यभर नोटा मोजलेला माणूस, रात्री रिक्षासारख्या त्या सायकलवाल्याला २०,००० डोंगची टीप दिली. तो आधी गप्प झाला, मग एवढा वाकून नमस्कार केला की मला वाटलं किती नम्र लोक. हॉटेलवर पाकीट उघडलं तर २०,००० ची नोट जिथल्या तिथं. दिलेली होती ५,००,००० ची. दोन्ही निळ्या, दोन्हीवर तोच हो ची मिन्हचा चेहरा, दोन्ही प्लास्टिकसारख्या गुळगुळीत. सत्तर रुपयांच्या जागी सतराशे. तेव्हापासून मी पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि देताना शून्यं मोजतो, अंधारात तर मोबाईलची टॉर्च लावून. तुम्हीही लाजू नका.

प्रश्न : आईच्या ट्रंकेत मामाची जुनी नोटांची पुडी सापडली. शेक्सपिअरचं चित्र असलेल्या २० पौंडाच्या दोन, जर्मनीच्या १०० मार्कची एक आणि ५० फ्रेंच फ्रँकच्या तीन. मामा आता नाहीत. यांचं काही होतं का? (एक वाचक, चिपळूण)

होतं, आणि या प्रश्नानं मला फार बरं वाटलं. शेक्सपिअरचे वीस पौंड १९९३ मध्ये चलनातून गेले, लंडनच्या दुकानात कोणी घेणार नाही, पण बँक ऑफ इंग्लंड स्वतःच्या सगळ्या जुन्या नोटा कायम बदलून देते, त्याला मुदतच नाही. पोस्टानं पाठवायची सोय आहे, पण चाळीस पौंडांसाठी ओळखीची कागदपत्रं गोळा करण्यापेक्षा लंडनला कोणी नातेवाईक असेल तर त्याच्याकडे द्या. मार्कचंही तसंच, जर्मनीची मध्यवर्ती बँक मुदतीशिवाय बदलते आणि भाव कायमचा बांधलेला आहे, १.९५५८३ मार्कला एक युरो, म्हणजे तुमच्या नोटेचे ५१ युरो १३ सेंट, आज न्या नाहीतर दहा वर्षांनी.

फ्रँकची मुदत १७ फेब्रुवारी २०१२ ला संपली. त्या तीन नोटा आईला परत ट्रंकेत ठेवू द्या.