प्रश्न तुमचे : बत्तिसाव्या सेकंदाला तुटणारा कॉल

प्रश्न : कार्यालयातली जुनी टेलिफोन यंत्रणा काढून इंटरनेटवर चालणारा आयपी-पीबीएक्स, म्हणजे कार्यालयाचं टेलिफोन एक्स्चेंज, बसवला आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. एक्स्टेंशनवरून आतल्या आत बोलणं स्वच्छ होतं. बाहेरून कॉल आला की समोरच्याला आमचं ऐकू जातं, आम्हाला त्याचं काहीच नाही. आणि अर्ध्या मिनिटात कॉल तुटतो. हँडसेट बदलले, केबल बदलल्या. नेटचा वेग वाढवून घेऊ का?

उत्तर : नका घेऊ. जी.७११ या नेहमीच्या कोडेकला (आवाजाचं डेटात रूपांतर करणाऱ्या पद्धतीला) एका कॉलमागे प्रत्येक दिशेला साधारण ८७ किलोबिट प्रतिसेकंद पुरतात. एकाच वेळी २० कॉल चालले तरी दोन मेगाबिटच्या आत भागतं. शिवाय वेग कमी पडला की आवाज तुटक येतो, शब्द गिळले जातात. एक बाजू लख्ख आणि दुसरी ठार मुकी, हे लक्षण वेगळ्या दुखण्याचं आहे.

तुमच्या पत्रातला ‘अर्ध्या मिनिटात’ हा तपशील मला सगळ्यात मोलाचा वाटला. घड्याळ लावून मोजा. बहुधा ३२ सेकंद भरतील. कॉल जुळवण्याचं काम एसआयपी करतं आणि आवाज वाहून नेण्याचं आरटीपी. दोघांच्या वाटा वेगळ्या. तुम्ही फोन उचलता तेव्हा पीबीएक्स ‘२०० ओके’ असा निरोप धाडतो आणि पलीकडून ‘एसीके’ ही पोच यायची वाट बघतो. पोच आली नाही की तोच निरोप पुन्हा जातो : अर्ध्या सेकंदाने, मग एक, दोन, चार आणि पुढे दर चार सेकंदांनी. ३२ सेकंदांनंतर तो नाद सोडतो आणि कॉल बंद करतो.

पोच हरवते कुठे? तुमचा पीबीएक्स राउटरच्या आड, खासगी पत्त्यावर बसलाय. राउटर बाहेरचा लिफाफा बदलतो, आतली चिठ्ठी तशीच राहते, आणि त्या चिठ्ठीत ‘उत्तर या खोलीत पाठवा’ असं घरातल्या खोलीचं नाव लिहिलेलं असतं. बाहेरच्याला ती खोली कशी सापडणार? पोचही हरवते, आवाजही. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असावं.

कुठलंही सेटिंग बदलण्याआधी एका बिघडलेल्या कॉलची पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून ये-जा करणारे माहितीचे तुकडे, पकडून ठेवा. वायरशार्क या पॅकेट वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘२०० ओके’ उघडा आणि दोन ओळी वाचा : वर ‘कॉन्टॅक्ट’, आणि खाली एसडीपीमधली (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या भागातली) ‘सी’ अक्षराने सुरू होणारी ओळ. तिथे १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसला, की चोर सापडला. मग पीबीएक्समध्ये तुमचा सार्वजनिक पत्ता आणि आतल्या नेटवर्कची व्याप्ती नीट भरा. सार्वजनिक पत्ता कायमचा, न बदलणारा घ्या. आवाजाचे यूडीपी पोर्ट फायरवॉलमधून पीबीएक्सकडे वळवा. अ‍ॅस्टरिस्क हे पीबीएक्सचं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या नमुना फाइलमध्ये ते १०००० ते २०००० असतात. आणि राउटरमधलं ‘एसआयपी एएलजी’ बंद करा. ते मदतीला म्हणून चिठ्ठी उघडून खाडाखोड करतं, आणि बहुतेकदा घोळच वाढवतं.

हे इतक्या आग्रहाने सांगतोय, कारण फोनपाशी बसलेली व्यक्ती दिवसभर ‘हॅलो, हॅलो’ करत राहते आणि बोल तिलाच लागतो. तिला आजच सांगून टाका की दोष तिचा नाही.

प्रश्न : लॉगमध्ये रात्रभर अनोळखी पत्त्यांवरून रजिस्टर करायचे प्रयत्न दिसतात. काळजीचं आहे का?

उत्तर : आहे. एसआयपीचा नेहमीचा ५०६० पोर्ट जगाला उघडा दिसला की यंत्रं त्यावर सतत पासवर्ड घासून बघतात. एक्स्टेंशन १०१ आणि पासवर्डही १०१ असा एक फोन पुरतो. रातोरात परदेशी कॉल होतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. ते पोर्ट फक्त सेवादाराच्या पत्त्यांना उघडं ठेवा, घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनमधून (कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी वाटेने) आणा, पासवर्ड लांब आणि प्रत्येकाचे वेगळे ठेवा. परदेशी कॉल ज्यांना लागतात त्यांनाच सुरू करून द्या आणि सेवादाराकडून खर्चाची मर्यादा घालून घ्या. हे निर्बंध लावल्यावर प्रत्येक गटातल्या एका फोनवरून आपत्कालीन क्रमांक लागतो की नाही, हे सेवादाराला आधी कळवून तपासा. डायल प्लॅन, म्हणजे कुठून कुठला क्रमांक लागावा याचे नियम, आवळताना तो क्रमांकही नकळत अडकू शकतो.