देवमासा नेमका कोणाचा नातेवाईक?

प्रश्न: मुलीच्या पुस्तकात आहे की देवमासा हा मासा नाही, सस्तन प्राणी आहे. आता ती विचारतेय मग त्याचे जवळचे नातेवाईक कोण आणि हे ठरवतात कसं, नुसतं बघून? मला काही सांगता येईना.

उत्तर: ताई, नुसतं बघून ठरवायला गेलं की हमखास फसायला होतं, आपली मराठी नावं बघा ना, देवमासा मासा नाही आणि पाणघोडा घोडा नाही, पण आज हयात असलेल्या प्राण्यांत देवमाशाला सगळ्यात जवळचा आहे तो पाणघोडाच!

देवमासा पिल्लाला दूध पाजतो, फुप्फुसाने श्वास घेतो, म्हणून प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्येच त्याला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत टाकलं. पण सस्तनांतला नेमका कोण, हे कळायला पुढे जवळजवळ अडीचशे वर्षं गेली. हाडं अभ्यासणारे दातांवरून म्हणायचे की मेसोनिकिड नावाच्या नामशेष झालेल्या मांसाहारी प्राण्यांशी याचं नातं आहे. १९९०च्या दशकात डीएनएवाले म्हणायला लागले, नाही, पाणघोडा. डीएनएमध्ये काही तुकडे मधेच कुठेही घुसून बसतात आणि मग पिढ्यानपिढ्या तिथेच राहतात, असे तुकडे देवमासा आणि पाणघोडा दोघांत अगदी त्याच जागी सापडले. पूर्वी पोथ्यांच्या नकला करायचे तेव्हा दोन पोथ्यांत एकाच ओळीत एकच चूक दिसली की समजायचं दोन्ही एकाच पोथीवरून उतरवल्यात, तसंच हे.

हाडंवाल्यांना ते पटेना, आणि मग २००१ मध्ये पाकिस्तानातल्या पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडं समोर आली. गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा यांच्या घोट्यातल्या एका हाडाला दोन्ही टोकांना विहिरीच्या कप्पीसारखी खाच असते, इतर सस्तनांत ती तशी नसते. त्या देवमाशांत ती होती! मला विचाराल तर या सगळ्या शोधातला सगळ्यात सुंदर पुरावा हाच.

नंतर देवमाशाचा आपल्याकडचाही एक नामशेष नातेवाईक सापडला, इंडोहायस. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटजवळून आणलेल्या दगडांत तो होता, मांजराएवढा, खुरांचा प्राणी, पण कानाचं हाड देवमाशासारखं जाड, हे २००७ मध्ये जाहीर झालं.

फक्त पाणघोड्यापासून देवमासा झाला असं तिला सांगू नका हं, दोघांचा पूर्वज एक, म्हणजे चुलत भावंडं. आणि हेही सांगा की या हिशोबाने आपली गाय घोड्यापेक्षा देवमाशाला जास्त जवळची आहे.