व्हॅम्पायर, वेताळ आणि न सुटलेला जीव

प्रश्न असा आहे: ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीविषयी मराठीत लिहिताना ‘व्हॅम्पायर’ (थडग्यातून उठून जिवंतांचे रक्त पिणारा मेलेला माणूस) या शब्दासाठी ‘वेताळ’ लिहावे, ‘पिशाच्च’ लिहावे की ‘रक्तपिपासू’? त्याच कादंबरीत वारंवार येणाऱ्या ‘अनडेड’ (मेलेला, पण मरण पूर्ण न झालेला) या शब्दाला मराठीत प्रतिशब्द आहे काय? भुतांच्या नावांची मराठीत एवढी रेलचेल असताना त्यांतले एकही नाव येथे नेमके बसू नये, याचे विचारणाऱ्या वाचकाला आश्चर्य वाटते.

माझे मत आधीच सांगतो. ‘व्हॅम्पायर’ हा शब्द मराठीत जसाच्या तसा ठेवावा. ‘अनडेड’ मात्र मराठीत आणावा, आणि तो आणण्यासाठी लागणारे शब्द आपल्या घरातच आहेत. या दोन शब्दांना असा वेगवेगळा न्याय का, याचे उत्तर त्या कादंबरीच्या गाभ्यातच सापडते. मे १८९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेले हे पुस्तक सव्वाशे वर्षांनंतरही वाचकाला धरून ठेवते, त्याचे मोठे कारण त्यातला अनोळखी जीव आणि त्याला नाव देण्याची त्यातल्या माणसांची धडपड हेच आहे, असे मला वाटते.

कादंबरी उघडते तीच एका कोशासह. जोनाथन हार्कर हा इंग्रज वकील ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रोमानियातल्या एका मुलखात, बिस्ट्रिट्झ या गावातून गाडीत बसून काउंट ड्रॅक्युला या सरदाराच्या वाड्याकडे निघणार असतो, तेव्हा भोवती जमलेली माणसे त्याच्याकडे कणवेने पाहत काही शब्द पुटपुटतात. तो पिशवीतून बहुभाषी कोश काढतो आणि अर्थ शोधू लागतो. ‘ओर्डोग’ म्हणजे सैतान, ‘पोकोल’ म्हणजे नरक, ‘स्ट्रेगोइका’ म्हणजे चेटकीण, आणि ‘व्रोलोक’ व ‘व्ल्कोस्लाक’ या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, लांडगामानव किंवा व्हॅम्पायर, एक शब्द स्लोव्हाक आणि दुसरा सर्बियन. कोशात अर्थ सापडतो, तरी आपल्या वाट्याला काय वाढून ठेवले आहे ते हार्करला कळत नाही. शब्दाचा अर्थ माहीत असणे आणि त्या शब्दामागची वस्तू समोर उभी ठाकणे यांतले अंतर म्हणजे ही कादंबरी. पुढे प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग यांना लूसी या तरुणीच्या आजाराचे कारण उमगलेले असते, तरी त्या कारणाचे नाव ते तिच्यावर उपचार करणाऱ्या आपल्या शिष्यापासून, डॉक्टर सेवर्ड यांच्यापासून, कितीतरी दिवस राखून ठेवतात. डायऱ्या, पत्रे, तारा, वृत्तपत्रांतली कात्रणे यांतून तुकड्यातुकड्याने माहिती जमत जाते आणि वाचक त्या नावाची वाट पाहत राहतो. अशा ठिकाणी मराठी अनुवादकाने पहिल्याच प्रकरणात ‘वेताळ’ लिहिले, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लहानपणापासून ओळखीचा असलेला कोणी तरी उभा राहतो आणि ती वाट पाहणेच संपते.

‘वेताळ’ हा पर्याय सुचतो कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० मध्ये वेताळपंचविशीतल्या काही कथा इंग्रजीत सांगितल्या आणि त्या पुस्तकाच्या नावात वेताळासाठी ‘व्हॅम्पायर’ हा शब्द वापरला. म्हणजे हे समीकरण आपण मांडलेले नाही. ते इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी मांडले गेले आणि आता उलट्या वाटेने आपल्याकडे परत येत आहे. (बर्टन यांना स्टोकर प्रत्यक्ष भेटले होते. अभिनेते हेन्री अर्व्हिंग यांच्याविषयीच्या १९०६ च्या आठवणींत स्टोकर यांनी लिहून ठेवले आहे की, बोलताना बर्टन यांचा वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा खंजिरासारखा चमके. ड्रॅक्युलाचे सुळे तेथूनच आले असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये, पण ते वाक्य एकदा वाचले की विसरता येत नाही.)

आपला वेताळ कसा आहे? सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आणि पुढे घरोघरी सांगितल्या गेलेल्या वेताळपंचविशीत तो झाडाला लटकलेल्या दुसऱ्याच कोणाच्या प्रेतात शिरलेला आहे. तो राजाला कोडी घालतो, न्यायान्यायाची पारख करायला लावतो आणि शेवटी कपटी योग्याचा डाव उघड करून राजाचा जीव वाचवतो. या कथांत तो कोणाचे रक्त पीत नाही. लोकपरंपरेत तर तो भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार आहे. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात, कारण देव रात्री गावाची फेरी मारतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. गोव्यात पैंगिण, लोलये, आमोणे येथे बेताळ पुजला जातो. पुण्यात एका टेकडीलाच त्याचे नाव आहे. ज्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक नव्या आणून देतात, त्याचे नाव लूसीचे रक्त पिणाऱ्या सरदाराला देणे हा भाषेचाही प्रमाद आहे आणि श्रद्धेचाही.

‘पिशाच्च’ त्या मानाने जवळचा आहे. संस्कृत ‘पिशाच’ या शब्दाची व्युत्पत्ती परंपरेने कच्चे मांस खाणारा अशी सांगतात. (मराठीत ‘च’चे द्वित्व होऊन ‘पिशाच्च’ हे रूप रूढ झाले आहे, ते चूक मानण्याचे कारण नाही.) परंतु अमरकोशात पिशाच आणि भूत यांची गणना विद्याधर, अप्सरा, यक्ष, गंधर्व यांच्याबरोबर देवयोनींत केली आहे. म्हणजे मुळात पिशाच ही वेगळी जात आहे, मेलेल्या माणसाची अवस्था नव्हे. आजच्या मराठीत तो शब्द एवढा सैल झाला आहे की मुंजा, समंध, हडळ, खवीस सगळे त्यात मावतात. नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेल्या वाचकाला ‘पिशाच्च’ म्हटल्यावर एखादी अदृश्य, झपाटणारी शक्ती आठवेल. दिवसा मातीने भरलेल्या पेटीत पडून राहणारे धट्टेकट्टे शरीर आठवणार नाही. आपले भूत माणसाला धरते, लागते, अंगात येते. व्हॅम्पायर यांतले काहीच करत नाही. तो दारात उभा राहतो, घरातल्या कोणी तरी पहिल्यांदा आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही, आणि आत आल्यावर तो चावतो.

‘रक्तपिपासू’विषयी थोडक्यात. हे विशेषण आहे, आणि मराठीत ते हुकूमशहा, सेनापती, फार तर सावकार यांच्यासाठी अलंकारिक अर्थाने झिजून गेले आहे. शिवाय त्यात भर तहानेवर आहे. कादंबरीतले सर्वांत किळसवाणे चित्र मात्र तहान भागल्यानंतरचे आहे: हार्कर पेटीचे झाकण उचलतो, तेव्हा सरदार रक्ताने तट्ट फुगलेल्या जळवेसारखा सुस्त पडलेला त्याला दिसतो. वर्णनात ‘रक्तपिपासू’ जरूर वापरावे, पण जातिवाचक नाव म्हणून ते पुरत नाही.

आता ‘व्हॅम्पायर’ या शब्दाची परकेपणाची मात्रा पाहावी, म्हणजे तो तसाच का ठेवावा हे पटेल. तो इंग्रजीचाही नाही. स्लाव्ह भाषांतला हा शब्द १७३२ च्या सुमारास इंग्रजीत आला, तोही एका सरकारी अहवालाच्या चर्चेतून. तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या सर्बियातल्या मेद्वेजा गावात पुरलेली प्रेते उठून माणसे मारतात, अशी तक्रार झाली होती. लष्करी वैद्यांनी थडगी उकरून पाहणी केली आणि त्यांचा अहवाल युरोपभर गाजला. म्हणजे लंडनच्या वाचकालाही हा शब्द दूरच्या, नीट न कळणाऱ्या मुलखातून आलेलाच वाटत होता. स्टोकर यांच्या टिपणांत सरदाराचे नाव आरंभी ‘काउंट वाम्पिर’ असे होते. १८९० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावातल्या ग्रंथालयात विल्यम विल्किन्सन यांचे वालाकिया आणि मोल्डाव्हिया या ट्रान्सिल्व्हेनियाच्या शेजारच्या मुलखांवरचे जुने पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यातल्या तळटीपेत ‘ड्रॅक्युला’ या शब्दाचा वालाकियन भाषेत अर्थ ‘सैतान’ असा होतो, असे दिले होते. ते नाव त्यांनी उचलले. रोमानियन ‘द्राक’ म्हणजे सैतान हे खरेच आहे. पण वालाकियाचा पंधराव्या शतकातला राजा व्लाद तिसरा याला ‘ड्रॅक्युला’ हे नाव मिळाले ते त्याच्या बापामुळे, जो १४३१ मध्ये ड्रॅगनच्या नावाच्या सरदारसंघात दाखल होऊन ‘द्राकुल’ म्हणवू लागला होता. स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हेनियाला कधीच गेले नाहीत. त्यांच्यासाठीही तो मुलूख शब्दांचाच बनलेला होता.

व्याकरणाचाही प्रश्न सुटण्यासारखा आहे. ‘डॉक्टर’प्रमाणे ‘व्हॅम्पायर’ चालवावा: व्हॅम्पायरने, व्हॅम्पायरला, अनेकवचनी व्हॅम्पायरांनी, लूसीविषयी लिहिताना ‘ती व्हॅम्पायर’. ‘ड्रॅक्युला’ हे विशेषनाम असल्याने ‘घोडा-घोड्याने’ या वळणावर न जाता ‘ड्रॅक्युलाने’ असेच राहील. वटवाघळाशी त्याची सांगड मात्र शब्दार्थ म्हणून घालू नये. रक्त पिणारी वटवाघळे फक्त अमेरिका खंडांत आहेत आणि त्यांना ते नाव दंतकथेवरून मिळाले, दंतकथेला त्यांच्यावरून नव्हे.

राहिला ‘अनडेड’, आणि खरी गोडी येथे आहे. कादंबरीच्या टंकलिखिताचे शीर्षकच ‘द अन-डेड’ असे होते. छपाईच्या अगदी तोंडावर ते बदलले. इंग्रजीत हा शब्द आधी नुसता ‘न मेलेला’ एवढ्या अर्थाने होता. मेला तर आहे, पण मरण पूर्ण झालेले नाही, हा अर्थ त्याला या पुस्तकाने चिकटवला. त्याचा शब्दशः संस्कृत अनुवाद केला तर हाती काय येते? इंग्रजी ‘अन्’ आणि संस्कृत ‘अ’ हे नकारवाचक उपसर्ग एकाच मुळाचे, म्हणून ‘अ-मृत’. देवांनी समुद्रमंथनातून काढलेले अमृत! स्टोकर ज्याला शाप म्हणतात, तोच शब्दाच्या घडणीने आपल्याकडे वर ठरतो. ‘अमर’चीही तीच गत. आणि समाधीत जिवंत असण्याची कल्पना आपण केली ती आळंदीला, शके १२१८ मध्ये संजीवन समाधी घेणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या रूपाने. मृत्यू न येण्याला मराठीत वर्षानुवर्षे पवित्र वलय आहे; भयासाठी तेथे फारशी जागा नाही.

म्हणून ‘मृत’ सोडून ‘मढे’ या शब्दाकडे यावे. ‘प्रेत’ संस्कृतात देहही होता आणि परलोकी निघालेला जीवही. मराठीत तो बहुतेक देहापुरता उरला, आणि जरा सभ्यही झाला. ‘मढे’ सभ्य नाही. ‘पुरलेली मढी उकरू नयेत’ असे आपण म्हणतो तेव्हा माती, वास आणि नकोसे परत वर येणे, सगळे त्या एका शब्दात असते. ‘जिवंत मढे’ हा शब्दप्रयोग कादंबरीतल्या देहापुरता अगदी नेमका आहे, आणि दहनाची रीत असलेल्या समाजातही तो कानाला परका वाटत नाही.

पण ‘अनडेड’ला देहाच्या पलीकडची बाजू आहे, आणि तीच या कादंबरीला साध्या भयकथेहून वर उचलते. व्हॅम्पायर झालेल्या लूसीच्या छातीत सूळ ठोकल्यानंतर तिच्या चेहऱ्यावर पूर्वीचा गोडवा परततो. सरदाराने सर्वाधिक छळलेली हार्करची पत्नी मीनाच आपल्या माणसांना सांगते की, ज्याने हे सारे दुःख निर्माण केले त्या बिचाऱ्या जीवाची अवस्थाच सर्वांत करुण आहे. ही करुणा व्यक्त करायला मराठीजवळ ‘गती’ आहे. मेलेल्याला गती मिळते किंवा मिळत नाही. ज्याला गती नाही तो घोटाळत राहतो. ‘अगतिक’ हा शब्द आज आपण हतबल या अर्थाने वापरतो, पण त्याच्या पोटात ‘ज्याला गती नाही’ हाच अर्थ आहे, आणि हे दोन्ही अर्थ सरदाराला एकाच वेळी लागू पडतात. तेव्हा वर्णन देहाचे असेल तेथे ‘जिवंत मढे’ आणि व्हॅन हेल्सिंग किंवा मीना त्या जीवाविषयी बोलत असतील तेथे ‘गती न मिळालेला’, अशी विभागणी मी सुचवीन. एका इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द लागले तर त्यात काही उणेपण नाही.

शेवटच्या प्रकरणात कार्पेथियन पर्वतात, मावळत्या उन्हात सरदाराच्या देहाची क्षणात माती होते, आणि त्या अखेरच्या क्षणी मीनाला त्याच्या चेहऱ्यावर कधी कल्पनाही केली नसेल अशी शांती दिसते. इंग्रजीत तेथे ते वर्णन करायला एक पूर्ण वाक्य लागले आहे. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले माणूस गेले की आपल्याकडे घरातले वडीलधारे हळूच जे म्हणतात, ते तेथे तसेच्या तसे लिहिता येईल: सुटला बिचारा.