हृदय मोठे झाले असल्यास ते गोळ्यांनी पूर्ववत होते का?

वडिलांच्या एक्स-रेत हृदय मोठे दिसले, त्यांना चार प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या गोळ्यांनी हृदय पुन्हा लहान होईल का आणि त्या किती दिवस घ्याव्या लागतील, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. फोंड्याला राहणाऱ्या माझ्या आईची याच दुखण्याची फाईल मी सात वर्षे सांभाळतो आहे, त्या बळावर लिहितो.

हृदय मोठे दिसणे हा स्वतंत्र आजार नसून आजाराची खूण आहे. हृदयाची रुंदी छातीच्या आतील रुंदीच्या निम्म्याहून अधिक भरली की अहवालात तसे लिहितात, पण झोपवून काढलेल्या एक्स-रेत निरोगी हृदयही मोठे दिसू शकते. म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहावा. हृदयाची भिंत जाड झाली आहे की कप्पा ताणला गेला आहे, झडप गळते आहे का, आणि डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतो, हे त्यात कळते. हा शेवटचा आकडा सामान्यतः 55 ते 70 असतो. 40 किंवा त्याखाली असल्यास हृदय दुबळे झाले असे समजतात. दुखण्याचे कारण झडपेत असेल, तर नुसत्या गोळ्यांनी सहसा भागत नाही. दारूत असेल, तर ती पूर्ण सोडणे हाच पहिला उपचार. (फेणीला औषध म्हणणाऱ्या आमच्या मंडळींना हे पटवणे कठीण.)

दुबळ्या हृदयाकडून रक्त कमी मिळू लागले की मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि नाडी वाढते; ही तात्पुरती मदत महिनोन्महिने चालू राहिली की तिच्याच ओझ्याने हृदय आणखी ताणले जाते. रामिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि मुळात मधुमेहासाठी आलेली डॅपाग्लिफ्लोझिन ही औषधे ते ओझे वेगवेगळ्या बाजूंनी उतरवतात, आणि बऱ्याच रुग्णांत ताणलेला कप्पा खरोखरच लहान होतो. फ्युरोसेमाइड, म्हणजे पाण्याची गोळी, सूज आणि दम लवकर कमी करते, पण हृदय सुधारण्याचे काम तिचे नव्हे. मेटोप्रोलॉलसारख्या गोळीचा डोस हळूहळू वाढवतात. सुरुवातीला थकवा येतो, तेवढ्यावरून ती आपल्या मनाने सोडू नये.

आईचा आकडा 30 वरून चौदा महिन्यांत 48 वर आला. तिला इतके बरे वाटू लागले की चतुर्थीच्या गडबडीत तिने गोळ्या परस्पर बंद केल्या, आणि दोन महिन्यांत पाय पुन्हा सुजले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, कप्पा ताणल्याच्या आजारातून सावरलेल्या 25 जणांची औषधे देखरेखीखाली हळूहळू थांबवली, तेव्हा सहा महिन्यांत 11 जणांचा आजार परतला. म्हणून ‘किती दिवस’ याचे उत्तर बहुतेकांसाठी ‘कायम’ असेच आहे.

घरी रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास डॉक्टरांना कळवावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या न विचारता घेऊ नयेत, कारण त्या पाणी धरून ठेवतात. पेजेसोबतचे खारे बांगडे आणि लोणचे सोडायला आईला गोळ्यांपेक्षा जड गेले. तिच्यासाठी मी हौसेने ‘कमी सोडियमचे’ मीठ आणले, तर डॉक्टरांनी ते थांबवले: त्यात पोटॅशियम असते, स्पायरोनोलॅक्टोन व रामिप्रिलमुळे ते आधीच रक्तात वाढू शकते, आणि म्हणूनच पोटॅशियम व क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी) तपासणी अधूनमधून करून घ्यावी लागते.