दोनचे नाणे पाचपेक्षा मोठे कसे?

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला शंभरपर्यंत अंक येतात. परंतु तिच्या हातावर पाचचे एक आणि दोनची दोन नाणी ठेवली, की ती ‘तीन रुपये’ म्हणते. शिवाय दोनचे नाणे आकाराने मोठे, म्हणून त्याचीच किंमत जास्त, असा तिचा हट्ट असतो. तिला पैसे मोजायला कसे शिकवावे?

उत्तर : आपल्या मुलीचे निरीक्षण अचूक आहे, हे तिला आधी अवश्य सांगा. २०११ साली आलेल्या मालिकेत दोन रुपयांच्या नाण्याचा व्यास २५ मिलिमीटर, तर पाच रुपयांच्या नाण्याचा २३ मिलिमीटर आहे. २०१९ च्या मालिकेत एक रुपयापासून दहा रुपयांपर्यंत किमतीबरोबर आकारही वाढत जातो. पण दोन्ही मालिकांची नाणी आपल्या हाती येत असल्याने आकारावर विसंबता येत नाही. म्हणून नाण्यावरचा आकडा वाचण्याची सवय प्रथम लावावी.

‘तीन रुपये’ हे उत्तर मात्र वेगळ्या कारणाने येते. मणी मोजावेत तशी ती नग मोजते आहे. एका नाण्यात पाच रुपये सामावलेले असतात, ही कल्पनाच तिच्यासाठी नवी आहे. ती केवळ सांगून कळत नाही, त्यासाठी मोड करून पाहावी लागते. आठवडाभर फक्त एक आणि पाच रुपयांची नाणी घ्या; तिने पाचचे नाणे दिले की आपण पाच सुटे द्यावेत आणि पुन्हा उलट व्यवहार करावा. ही अदलाबदल सहज होऊ लागली, की मगच दोनचे नाणे आणावे आणि मोठ्या किमतीपासून मोजायला लावावे : पाच, सात, नऊ. (घरात तान्हे भावंड असेल, तर नाणी लगेच उचलून ठेवावीत.)

दहाच्या नोटांचाही एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. ‘सत्तावीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो, त्यामुळे अनेक मुले ७२ लिहितात. दहाच्या दोन नोटा डावीकडे आणि सात सुटे रुपये उजवीकडे मांडले, म्हणजे दशक आणि एकक डोळ्यांना वेगळे दिसतात.

वजाबाकी येण्याची वाट न पाहता परत मिळालेले पैसेही तिला तपासता येतील. सदतीस रुपयांच्या खरेदीला पन्नासची नोट दिली, तर जुने दुकानदार एकेक रुपया हातावर ठेवत ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस’ म्हणतात आणि शेवटी दहाची नोट ठेवून ‘पन्नास’ म्हणतात. हीच रीत घरी शिकवावी आणि कोथिंबिरीची जुडी घेताना फोनवरून पैसे न देता नोट तिच्या हाती द्यावी.