काळे कपडे, कवटीची अंगठी आणि आईच्या जिवाला घोर

“मॅडम, पोरगी हाताबाहेर चाललीय. काळ्याशिवाय दुसरा रंग नको, कानात दिवसभर ती किंचाळणारी गाणी. कुठल्या नादाला लागली असेल हो?” मेटल (दणदणीत, किंचाळणारं रॉक संगीत), गॉथ (काळे कपडे, उदास-गूढ गोष्टींची आवड), इमो (भावनांनी ओथंबलेलं रॉक आणि तसा पेहराव) असल्या गोष्टींकडे वळलेल्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनाला आले की थोड्याफार फरकाने हेच विचारतात.

अकरावीतल्या या मुलीला ईशा म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नखांवरचं काळं नेलपॉलिश अर्धं खरवडलेलं, बोटातली कवटीची अंगठी सारखी गरागरा फिरवत होती. कपड्यांचा विषय मी काढलाच नाही. झोप कशी लागते, एवढंच विचारलं. पहाटे तीनपर्यंत डोळा लागत नव्हता. जेवण आईला दिसावं म्हणून दोन घास. आईबाबा नोकरीला, त्यामुळे तिला लहानाची मोठी केली आजीनं, आणि ती आजी मार्चमध्ये गेली. घरभर पाहुणे. जो तो सांगे, “तू रडू नकोस, आईला सांभाळ.” तेराव्यानंतर विषय बंद. काळे टी-शर्ट आले ते त्यानंतर.

तिनं फोनवरची प्लेलिस्ट दाखवली. सुरुवातीला नुसती आदळआपट, मग संथ होत जाणारी गाणी, शेवटी बिनशब्दांची गिटार. असा क्रम का? “आधी राग जातो. मग रडू येतं. मग कधीकधी झोप लागते.” हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या 2015 च्या छोट्या अभ्यासात, राग आलेल्या 39 मेटलप्रेमींपैकी काहींनी ही गाणी ऐकली, बाकीचे नुसते शांत बसले. गाणी ऐकणाऱ्यांचा राग भडकला नाही, उलट त्यांना उभारी वाटली.

मात्र गाण्यांवर भरवसा टाकून निर्धास्त होऊ नये. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, पंधराव्या वर्षी स्वतःला पक्के गॉथ म्हणवणाऱ्यांत अठराव्या वर्षी नैराश्य आणि स्वतःला इजा करणं जास्त आढळलं. गॉथ असणं हेच कारण, असं त्यातून सिद्ध होत नाही, हे संशोधकांनीही स्पष्ट केलं. आधीच दुखावलेली मुलं आपल्यासारखी माणसं शोधत तिथं पोचत असावीत, असं मला वाटतं. म्हणून ईशाला सरळ विचारलं, “जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घेतेस का?” असं विचारल्यानं मुलांच्या डोक्यात नसलेलं खूळ शिरत नाही. इजा केलेली नव्हती, पण “मी नसते तर बरं” असं अधूनमधून येऊन जायचं. हे आईला सांगावंच लागेल, म्हटल्यावर ती म्हणाली, “मीच सांगते, तुम्ही बसा इथं.”

आई आधी रडल्या, मग इअरफोनचं एक टोक कानात घालून बसल्या. “एवढा किंचाळतो कशाला गं तो?”

“मला घरात किंचाळता येत नाही ना, म्हणून.”

पुढे मुख्य काम झालं ते आजीबद्दल बोलण्याचं, तेही दोघींनी मिळून. झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रात्रीबेरात्री तसे विचार आलेच, तर आधी आईला उठवायचं. शिवाय टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक दोघींच्या फोनमध्ये घातला. मेटलवाल्या मित्रमैत्रिणींना घरी चहाला बोलवा, असंही आईंना सुचवलं. त्यांनी पोह्यांचा घाट घातला, आणि केस वाढवलेल्या एका मुलानं तीनदा मागून घेतले म्हणे.

मामेभावाच्या लग्नात काळा ड्रेस घालायचा की नाही, यावरून मायलेकींचं अजून वाजतं. त्यात मी पडत नाही.